साठ रोपं, म्हातारी मांजर आणि विरळणीला न धजणारा हात

प्रश्न थोडक्यात असा आहे. टोमॅटो, मिरची, वांगी आणि थोडी बेझिल घरातच बियांपासून तयार करायची होती. ५० कप्प्यांच्या ट्रेमध्ये प्रत्येकी दोन-दोन बिया टाकल्या, पुष्कळ उगवल्या आणि त्यातलं एकही रोप काढवेना. आता साठेक रोपं किडकिडीत होऊन एकमेकांवर रेलली आहेत. काही बुंध्याशी बारीक होऊन आडवी पडली. घरातली चौदा वर्षांची मांजर खिडकीतल्या हीट मॅटवर (ट्रेला खालून ऊब देणाऱ्या विजेच्या चटईवर) ठेवलेल्या ट्रेवर जाऊन झोपते, कोवळी पानं कुरतडते आणि एकदा तर तिने कप्प्यांत उकरून घाणही केली. रोपांचा नाद सोडावा, की मांजरीला त्या खोलीची बंदी करावी?

दोन्हींची गरज नाही. सोडायच्या त्या दोन गोष्टी: रोपांचा आकडा आणि खिडकीची जागा. चौदा वर्षांच्या मांजरीला सवयीची जागा सोडायला लावणं फार अवघड असतं. रोपांना नवी जागा तासाभरात मानवते. शिवाय खिडकी रोपांसाठी मुळातच दुय्यम जागा आहे, ते पुढे सांगतो.

आधी आकडा. पेरणी करताना हिशेब शेवटाकडून करायचा. मोठी झालेली झाडं नक्की कुठे राहणार आहेत आणि तिथे किमान सहा तास थेट ऊन येतं का, हे आधी ठरवा. टोमॅटोला १५ ते २० लिटरची कुंडी लागते, वांग्याला साधारण १५ लिटर, मिरचीला ८ ते १० लिटर, बेझिलला २ ते ३ लिटर पुरतात. समजा जागा चार टोमॅटो, चार मिरच्या आणि दोन वांग्यांची आहे. म्हणजे दहा झाडं. प्रत्येक प्रकारात एक राखीव धरा: पाच, पाच, तीन. तेरा कप्पे झाले. हा आकडा ट्रेच्या काठावर पर्मनंट मार्करने लिहून ठेवा. ट्रेला ५० कप्पे आहेत म्हणून ५० भरायचे, ही सवय सगळ्या गोंधळाचं मूळ आहे. ट्रे कात्रीने कापून तेरा-चौदा कप्प्यांचा तुकडा केला तरी चालतो. उरलेला भाग पुढच्या हंगामाला कामी येतो.

एका कप्प्यात किती बिया, हे अंदाजाने ठरवू नका. दहा बिया ओलसर पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून झाकणाच्या डब्यात २५ अंशांच्या आसपास ठेवा. टोमॅटो दहाव्या दिवशी मोजा, मिरची आणि वांगी चौदाव्या ते विसाव्या दिवशी. दहापैकी नऊ उगवल्या तर कप्प्यात एकच बी पुरे. सात उगवल्या तर दोन बिया टाका. दोन्ही वाया जाण्याची शक्यता नऊ टक्क्यांवर येते. पाच उगवल्या तर तीन टाका. त्याहून कमी असेल तर ते पाकीट सोडून द्या आणि नवं बी घ्या. म्हातारं बी उगवलं तरी बहुधा उशिरा आणि अशक्त उगवतं. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांत उतरतं, मिरचीचं दोन-तीन वर्षांत, टोमॅटोचं कोरड्या आणि थंड जागी चार-पाच वर्षं टिकतं. चाचणीत मोड आलेल्या बिया फेकायच्या नाहीत. मूळ एक सेंटिमीटरपेक्षा लहान असतानाच ओल्या टूथपिकने उचलून कप्प्यात लावा, मुळाचं टोक खाली ठेवून.

मिश्रणासाठी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) आणि एक भाग बारीक चाळलेलं, पूर्ण कुजलेलं गांडूळखत. बागेतली माती नको. ती कप्प्यात घट्ट बसते, पाणी धरून ठेवते आणि मर रोगाची बुरशी सोबत आणते. ६५० ग्रॅमची कोकोपीटची वीट साडेतीन-चार लिटर कोमट पाण्यात अर्ध्या तासात फुलून आठ-नऊ लिटर होते. तेरा कप्प्यांना सगळं मिश्रण मिळून लिटरभर पुरतं, म्हणून अख्खी वीट भिजवू नका; कोरडी असताना फोडून तुकडा घ्या. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षार असतात, ते दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या. परलाइट ओलं करूनच मिसळा. त्याची धूळ फुप्फुसांना त्रास देते आणि घरात पक्षी असेल तर हे काम घराबाहेरच करायला हवं. ओलावा तपासायला मूठभर मिश्रण जोरात दाबा. एखाद-दोन थेंब पडले तर वाफसा बरोबर. धार लागली तर पसरून सुकू द्या.

पेरणीची खोली बीच्या जाडीच्या दोन-तीन पट. टोमॅटो, मिरची, वांगी अर्धा ते एक सेंटिमीटर. बेझिलवर तीनेक मिलिमीटरचा पातळ थर. लेट्यूस, पिटुनिया, स्नॅपड्रॅगन यांच्या बियांना उगवायला प्रकाश लागतो, म्हणून त्या वर टाकून नुसत्या दाबायच्या, झाकायच्या नाहीत. मिश्रणाचं तापमान टोमॅटोला २१ ते २७ अंश, मिरची-वांग्याला २५ ते ३०. लेट्यूसला मात्र २५ च्या खालीच ठेवा. त्याहून फार उष्णता मिळाली तर बी झोपून जातं. टोमॅटो पाच ते दहा दिवसांत वर येतो. मिरचीला कधी कधी तीन आठवडे लागतात. मधे उकरून पाहू नका, कारण नुकतं फुटलेलं मूळ त्या उकरण्यातच तुटतं. चार आठवड्यांनीही काही दिसलं नाही तर तो कप्पा रिकामा समजा.

हीट मॅटबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण तुमच्या दोन्ही अडचणी तिथेच एकत्र येतात. मॅटचं काम बी वर येईपर्यंतच असतं. निम्मे कप्पे उगवले की ट्रेवरचं झाकण काढायचं आणि मॅटही काढायची. उगवलेल्या रोपांना १८ ते २२ अंश पुरतात. खालून ऊब मिळत राहिली आणि वरून प्रकाश कमी पडला, की रोप खोड लांबवत सुटतं. तुमच्या रोपांचं तेच झालं आहे. मॅट निघाली की मांजरीचाही त्या जागेतला रस बराचसा संपतो. म्हाताऱ्या मांजरींचे सांधे दुखतात, त्यांना ऊब हवी असते. ती तुमच्या टोमॅटोवर डूख धरून तिथे झोपत नाही. मॅट चालू असतानाच्या काळासाठी तिला तिची ऊब दुसरीकडे द्या: खिडकीत जाड घडी घातलेलं पांघरूण, किंवा प्राण्यांसाठीच बनवलेला उबदार पॅड. रोपांची मॅट मांजरीला अंथरायला देऊ नका. ती प्राण्याचं वजन आणि नखं सोसायला बनवलेली नसते, आणि थर्मोस्टॅट नसेल तर अंगाखाली दबलेल्या जागी जास्तच तापते. थर्मोस्टॅट वापरत असाल तर त्याचा तापमान मोजणारा प्रोब मिश्रणात खोचलेला हवा. हवेत लोंबकळणारा प्रोब खोलीचं तापमान मोजतो आणि मॅट बंदच होत नाही.

आता खिडकी. काचेतून येणारा प्रकाश एका बाजूने येतो आणि दिवसाचे काहीच तास जोरदार असतो. रोपं त्या बाजूला वाकतात, मग आपण रोज ट्रे फिरवत बसतो. त्याऐवजी तारेच्या मांडणीचा एक कप्पा घ्या आणि त्यावर ६० सेंटिमीटरच्या दोन साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब टांगा. ४००० ते ६५०० केल्विन (प्रकाशाच्या रंगाचं माप) चालतं. जांभळ्या दिव्यांची गरज नाही. कमी शक्तीच्या ट्यूब पानांपासून ८ ते १० सेंटिमीटरवर, जोरदार पॅनेल ३० सेंटिमीटरवर. टायमर लावून रोज १४ ते १६ तास प्रकाश, बाकी अंधार. अंतर बरोबर आहे का ते रोपंच सांगतात: मिश्रणापासून बीजपत्रांपर्यंतचं (बी फुटताना येणाऱ्या पहिल्या दोन पानांपर्यंतचं) खोड चार-पाच सेंटिमीटरच्या वर गेलं तर दिवा खाली घ्या; पानांच्या कडा पांढुरक्या झाल्या किंवा वळायला लागल्या तर वर घ्या. रोपं वाढतात तसा दिवाही आठवड्यातून एकदा वर सरकवावा लागतो, म्हणून टांगायला साखळी बरी.

याच मांडणीला तिन्ही बाजूंनी आणि वरून अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून बारीक चौकोनांची वेल्डेड जाळी लावा, पुढच्या बाजूला जाळीचंच दार करा. पाच सेंटिमीटरच्या चौकोनातून मांजरीचा पंजा सहज आत जातो. जाळी आणि पानं यांत हातभर नाही, पण दहा सेंटिमीटर तरी अंतर हवं, नाहीतर बाहेरून चाटून पानं खाल्ली जातात. मांडणी भिंतीला स्क्रूने बांधा. उडी मारून चढणाऱ्या मांजरीच्या वजनाने सुटी मांडणी पुढे कलंडते आणि त्यात मांजरीलाही इजा होते. वायर पीव्हीसी नळीतून न्या. घरात कुत्र्याचं पिल्लू किंवा ससा असेल तर यात अजिबात हयगय नको. पाण्याजवळची वीज आहे, तेव्हा तो पॉइंट गळती झाल्यावर पुरवठा तोडणाऱ्या ब्रेकरवरच हवा.

एवढं केलं की मांजरीला खोलीत हवं तेव्हा येऊ-जाऊ दे, खिडकी तिची. पण पान चघळायची तिची इच्छा खरी आहे, तिला वाट द्यायला हवी. तिच्यासाठी वेगळं गवत पेरा. ओट्स, गहू किंवा बार्ली, जे औषध न लावलेलं असेल ते. शेतीच्या बियाण्याला गुलाबी किंवा हिरवा रंग दिसला तर त्यावर बुरशीनाशक आहे, ते प्राण्याच्या वाटेलाही नको. दोन-तीन चमचे दाणे आठ तास भिजवा. पसरट आणि जड बुडाच्या, साधारण १५ सेंटिमीटर रुंद भांड्यात तीन सेंटिमीटर मिश्रण घ्या, दाणे जवळजवळ पसरा, वर पातळ थर द्या. दोन-तीन दिवसांत मोड येतात, आठ-दहा दिवसांत गवत दहा सेंटिमीटर होतं. मग ते भांडं तिच्या खिडकीत ठेवा. हलकं भांडं नको. मांजर पाती दातात धरून ओढते तेव्हा सगळं भांडंच उलटतं. आठवड्याने दुसरं भांडं पेरा म्हणजे साखळी तुटत नाही. पिवळं पडलेलं किंवा बुरशी धरलेलं गवत लगेच काढा. जमलं तर भाजीचं बी पेरण्याच्या दहा दिवस आधीच हे भांडं तयार असू द्या. तिला आपली जागा सापडली की नव्या ट्रेकडे ती कमी वळते.

उकरण्याचं कारण वेगळं असतं. सैल, ओलसर कोकोपीट मांजरीला शौचाच्या वाळूसारखंच लागतं. मांजरींच्या संख्येपेक्षा एक जास्त लिटर बॉक्स (मांजरीच्या शौचाचं खोकं) ठेवा, रोज साफ करा, आणि म्हाताऱ्या मांजरीसाठी एका बाजूने कड कापून खाली केलेला बॉक्स द्या, कारण उंच कड ओलांडताना तिचं दुखतं. बॉक्स स्वच्छ असूनही ती एकाएकी इतरत्र लघवी करायला लागली तर मूत्रमार्गाचा त्रास असू शकतो. तसंच ट्रेखालचं पाणी ती वारंवार पिऊ लागली, तहान वाढली असं दिसलं तर तेही गांभीर्याने घ्या. या वयात मूत्रपिंडाचे आजार, मधुमेह आणि थायरॉइडचा विकार यांची ती खूण असू शकते. दोन्ही बाबतीत आधी पशुवैद्य, मग ट्रे.

घाण झालेलं मिश्रण पुन्हा वापरू नका, खाण्याच्या झाडांना तर नाहीच. मांजरीच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा पसरू शकतो, आणि घरात गर्भवती कुणी असेल तर ते मिश्रण तिने हाताळूच नये. ट्रे धुताना एक चूक जिवावर बेतू शकते: लघवी लागलेल्या ट्रेवर थेट ब्लीच ओतणं. लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू सुटतो. आधी साबणाच्या पाण्याने ट्रे पूर्ण स्वच्छ धुवा, नंतर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी या द्रावणात दहा मिनिटं बुडवा, खळखळून धुवा आणि सुकवा. साध्या जुन्या ट्रेलाही हेच करायचं.

मांजरीला दूर ठेवायला म्हणून डांबरगोळ्या, टी ट्री तेल, लिंबूवर्गीय तेलं, कॉफीचा चोथा किंवा तिखटाची पूड टाकायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. यातलं काहीही वापरू नका. पहिल्या चार गोष्टी मांजरीला विषारी आहेत आणि तिखट तिच्या पंजांतून डोळ्यांत जातं. जाळी हाच उपाय आहे.

काय पेरायचं यातही थोडं सोडावं लागतं. लिली आणि डे-लिली मांजर असलेल्या घरात नकोच. पानं, फुलं, पराग, फुलदाणीतलं पाणी, कशानेही तिची मूत्रपिंडं निकामी होतात. एरंड, धोत्रा, फॉक्सग्लोव्ह, तंबाखूच्या जातीची फुलझाडं हीसुद्धा नकोत. कांदा, लसूण, चाइव्हज यांनी मांजर आणि कुत्रा दोघांच्याही तांबड्या रक्तपेशी फुटतात, त्यामुळे त्यांचे ट्रे जाळीबाहेर ठेवू नका. टोमॅटोचा हिरवा पाला खाल्ल्याने लाळ गळणं, उलट्या, सुस्ती असा त्रास होऊ शकतो. तुमच्या मांजरीने एखादं-दुसरं पान चघळलं असेल तर सहसा गंभीर होत नाही, पण ही लक्षणं दिसली तर वाट पाहत बसू नका. बेझिल, लेट्यूस, झिनिया, सूर्यफूल, स्नॅपड्रॅगन, पिटुनिया, कॅलेंड्युला हे निर्धास्तपणे पेरता येतं.

खतांचंही तसंच. एरंडीची पेंड कुत्र्याला प्राणघातक ठरू शकते, आणि तिचा वास त्याला आवडतो. प्राणी असलेल्या घरात ती आणूच नये. हाडांचा चुरा आणि माशांचं खत यांच्या वासाने मांजर आणि कुत्रा दोघंही कप्पे उकरतात. रोपांना पहिली खरी पानं (बीजपत्रांनंतरची) येईपर्यंत खताची गरजच नसते. त्यानंतर पाण्यात विरघळणारं संतुलित खत, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या चौथ्या हिश्श्यात, आठवड्यातून एकदा पुरतं. ट्रेखाली उरलेलं खताचं पाणी लगेच ओतून टाका, म्हणजे ते कुणाच्या पिण्यात येणार नाही. किडीसाठी पर्मेथ्रिन असलेलं काहीही फवारू नका, मांजरीचं शरीर ते पचवू शकत नाही.

तुमची आडवी पडलेली रोपं मर रोगाची आहेत. पिथियम, रायझोक्टोनिया, फ्युजॅरियम या बुरशी मिश्रणाच्या पातळीवर खोड पोखरतात. खोड तिथे दोऱ्यासारखं बारीक होतं आणि वरचा भाग हिरवा असतानाच रोप कोलमडतं. पडलेलं रोप कशानेही वाचत नाही. त्याचा कप्पा मिश्रणासकट काढून टाका, शेजारचे कप्पे दोन दिवस वरून कोरडे ठेवा. कारणं बहुतेक तीनच: सतत ओला पृष्ठभाग, कोंडलेली हवा, दाटी. पाणी खालून द्या. ट्रे २०-२५ मिनिटं पाण्यात ठेवायचा, पृष्ठभाग ओलसर दिसू लागला की उचलायचा आणि उरलेलं पाणी ओतायचं. पुढचं पाणी कधी, ते ट्रे उचलून वजनावरून ठरवा. दोन-तीनदा उचलला की हाताला समजतं. जाळीचं झाकण असलेला छोटा पंखा मंद गतीवर, पानं जेमतेम हलतील इतक्या अंतरावर, दिवसा चालू ठेवा. मिश्रणावर बारीक काळी चिलटं उडताना दिसली तरी कारण तेच, जास्त ओल. पृष्ठभाग सुकू द्या, बीटीआय (चिलटांच्या अळ्या मारणारा जिवाणू) पाण्यातून द्या. पिवळे चिकट सापळे लावायचे तर जाळीच्या आतच. मांजरीच्या केसांना तो गोंद लागला तर खाद्यतेल चोळून सोडवावा लागतो.

आणि आता विरळणी, ज्यासाठी हात धजत नाही. ती का करायची हे समजलं तर थोडं सोपं जातं. दोन रोपं एका कप्प्यात असतात तेव्हा पाणी आणि अन्नाची वाटणी पुढची गोष्ट झाली. त्याआधीच, शेजारच्या पानांवरून परतणाऱ्या प्रकाशात लाल कमी आणि अतिलाल (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा) जास्त असतो, आणि रोपाला त्यावरून शेजारी असल्याचं कळतं. सावली पडायच्या आधीच ते खोड ताणायला लागतं. म्हणजे एकही रोप न काढल्याने दोन्ही वाचत नाहीत, दोन्ही किडकिडीत होतात आणि मग मर रोगाला सगळ्यात आधी तीच बळी पडतात. कप्प्यात दुसरं बी आपण टाकलं ते पहिलं उगवलं नाही तर, या भीतीने. पहिलं उगवलं तेव्हाच दुसऱ्याचं काम झालं.

वेळ: बीजपत्रं पूर्ण उघडून पहिलं खरं पान नुकतं दिसू लागतं तेव्हा. टोमॅटोत उगवल्यापासून साधारण आठ ते बारा दिवस. पेरणीच्याच दिवशी ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या दिवशी एका बैठकीत सगळे कप्पे उरका. रोज एक-दोन काढायचं ठरवलं की प्रत्येक रोपापाशी नव्याने मन घट्ट करावं लागतं. उपटायचं नाही, कारण मुळं गुंतलेली असतात आणि ठेवायच्या रोपाचीही तुटतात. नेलकटरच्या सेटमधली टोकदार छोटी कात्री घ्या, टोक मिश्रणाला टेकवा आणि खोड कापा. ठेवायचं ते उंच रोप नव्हे. ठेंगणं, जाड खोडाचं, दोन्ही बीजपत्रं सारखी आणि गडद असलेलं, शक्यतो कप्प्याच्या मध्यावरचं. उंचीला भुलून बहुतेकजण नेमकं चुकीचं रोप ठेवतात. एखादा कप्पा रिकामाच राहिला असेल तर शेजारच्या कप्प्यातली जोडी चमच्याने उचलून, रोप पानाला धरून, सुटं करून तिथे लावता येतं. खोडाला धरू नका. पान फाटलं तर नवं येतं, चेपलेलं खोड सावरत नाही. पण ही मुभा ट्रेवर लिहिलेल्या आकड्यापुरतीच.

बेझिल आणि लेट्यूसची कापलेली रोपं सॅलडमध्ये खाता येतात. टोमॅटो, मिरची, वांग्याची कंपोस्टमध्ये टाका. ती खायची नाहीत आणि मांजरीलाही द्यायची नाहीत.

तेरा रोपं असली की रोज सकाळी पाच मिनिटांत प्रत्येक पानाची खालची बाजू बघून होते, मावा आला तर पहिल्या दिवशी सापडतो, कुठलं रोप तहानलं ते कळतं. साठ रोपांत फक्त पाणी घालून होतं. बियांपासून झाड करण्यातलं समाधान त्या पाच मिनिटांत असतं, आणि ते मिळवायला सत्तेचाळीस रोपं सोडावी लागतात. मांजरीने एखादं खाल्लं तर त्याचाही फार त्रास करून घेऊ नका. बीजपत्रांच्या वर तोडलं असेल तर त्यांच्या बेचक्यातून नवा फुटवा येतो आणि झाड पंधरा दिवस मागे पडतं इतकंच. बीजपत्रांच्या खाली तोडलं असेल तर तिथे डोळाच नसतो, ते रोप गेलं. त्यासाठीच तर राखीव आहेत.

तुमच्या आजच्या ट्रेचं असं करा. मॅट आजच काढा. पडलेली रोपं कप्प्यांसकट काढा. उरलेल्यांतून तुमच्या जागेच्या हिशेबाने निवड करा आणि बाकीची कापा. कुणी नक्की नेणार असेल तर त्याच्या नावाची तेवढी ठेवा, पण नेण्याची तारीख ठरवून. निवडलेले टोमॅटो ९-१० सेंटिमीटरच्या कुंड्यांत बीजपत्रांपर्यंत खोल लावा. पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात आणि लांबलेली उंची वसूल होते. खोड फारच लांब असेल तर मिश्रणात आडवं वळवून टोक वर ठेवा. मिरची आणि वांगी आधी होती त्याहून जेमतेम सेंटिमीटरभर खोल, त्याहून जास्त नको. दोन दिवस प्रकाश थोडा दूर ठेवा, आठवडाभर खत नाही. रोपं १५ सेंटिमीटरच्या आसपास आली की सात ते दहा दिवसांत बाहेरची सवय लावा: पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज तासाभराने वाढवत उन्हात, आणि रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली जात असेल तर आत. कायमच्या कुंडीत लावल्यावर राखीव रोपं दहा दिवस जवळ ठेवा. तोवर लावलेली सगळी तग धरून नवं पान काढत असतील तर राखीव देऊन टाका, घेणारं कुणी नसेल तर कंपोस्टमध्ये घाला आणि जाळीतली जागा पुढच्या पेरणीसाठी मोकळी करा.